बाही उलटी करून

डिसेंबरची सकाळ. मोरावियातलं गोठलेलं कुरण,
धान्याच्या कोठारात माझं टेबल, एक शेगडी, एक भिंग,
आणि बाहेर रांगेत तीनशे शिपाई
दोनशे वर्षांपूर्वीच्या लढाईला निघालेले.
त्यांतले निम्मे दातांचे डॉक्टर, बाकीचे बसचालक, हिशेबनीस.
मी द्राहोमीरा. मी पास म्हटल्याशिवाय
आज इथे कुणाला मरता येत नाही.

समोरून मी बघतच नाही.
समोरून सगळेच शूर असतात.
"कोट काढा," म्हणते, आणि बाही उलटी करते.
वरून कीर्तन, आतून तमाशा :
निळ्या लोकरीखाली सुळसुळीत नायलॉन,
काजामागे यंत्राची टीप,
मुंग्यांची रांग, एकही मुंगी न अडखळलेली.

मग एक धागा ओढून मेणबत्तीवर धरते.
जळक्या केसांचा वास आला तर लोकर.
थेंब होऊन ओघळला तर
समोरचा माणूस आपणहून मान खाली घालतो.
बटणं मी दातांनी चावते, अशी माझी ख्याती आहे.
खोटं आहे. नुसती ओठांना लावते.
पितळ रात्रभरची थंडी सांगून टाकतं,
प्लास्टिकला काही आठवत नाही.

अकरावा आला हीनेक, दुधाच्या कारखान्यातला.
तीन हिवाळे शिवत होता.
गळपट्टी मंजिष्ठेत रंगवलेली,
कापड निळीत चौदा वेळा बुडवलेलं
(नखं अजून निळी),
आणि बोटाच्या पेराएवढ्या जागेत दहा टाके,
सगळे सारखे, साळीच्या दाण्यांसारखे.
वास बरोबर. वजन बरोबर.
नापास.

"का?"

"हा कोट कुणीतरी जीव लावून शिवलाय.
ठेकेदाराला नगामागे पैसे मिळायचे,
त्यातले थोडे तो शिवणारणीला द्यायचा.
ती दिवा वाचवायला अंधारात शिवायची,
टाका लांब, हात भराभर,
खांद्यापाशी तर धावदोऱ्यावरच भागवायची.
शिपाई तरी शिवणीपेक्षा जास्त
कुठे टिकणार होता?"

हे मी सगळ्यांना सांगते.
एक गोष्ट सांगत नाही.

संग्रहालयाच्या तळघरात एकदा
खरा कोट उलटा केला होता मी,
हातमोजे घालून, बाजूला पहारेकरी.
डाव्या बगलेत तीन टाके, वेगळ्याच काळ्या दोऱ्याचे,
जाड, वेडेवाकडे, सुईची सवय नसलेल्या हाताचे.
उसवलेलं त्याने स्वतःच सांधलं असावं,
शेकोटीपाशी, बोटं बधिर असताना.
आणि अस्तरात अडकलेला एक आखूड पिंगट केस.
तेव्हा भिंग खाली ठेवलं मी.
माझ्या वहीत
त्या तीन टाक्यांसाठी रकाना नाही.

हीनेक हलला नाही.
मग म्हणाला, "कात्री आहे?"
आणि माझ्यासमोर, माझ्याच कात्रीने,
तीन हिवाळ्यांतला एक त्याने बगलेत उसवला.
मी म्हटलं, मुद्दाम वाकडे घातलेले टाके
मला लगेच कळतात, उगाच कष्ट घेऊ नका.
तो ऐकेना. सुईत दोरा जाईना. थंडी.
तेवढ्यात कुरणावर नगारा वाजला,
रांग हलली, कुणीतरी त्याच्या नावाने ओरडलं,
आणि तो घाबरला.
सुई बोटात घुसली, शिवी हासडली,
कसेबसे चार टाके, गाठ दातांनी तोडली,
कोट चढवत धावला.

ती घाई खरी होती.
मी शिक्का मारला. वहीत कारण लिहिलं नाही.

दुपारी तो दुसऱ्या फैरीत पडला,
ठरल्याप्रमाणे, कुंपणाजवळ,
बर्फ कमी असलेली जागा बघून.
मग उठला, गुडघे झटकले,
आणि लसणाच्या सुपाच्या रांगेत माझ्यापुढे उभा राहिला.
वाडगा घ्यायला त्याने हात उचलला.
बगल पुन्हा उसवली होती.

मी सुपाकडे बघत राहिले.